फ्लॅटसाठी घडवलेले देव

शेळगावच्या कुशाबाईनं इंदापुरात एस.टी.त बसल्यापासून मांडीवरचा पितळी डबा खाली ठेवला नव्हता. कंडक्टर दोनदा म्हणाला, मावशी, वर टाका की डबा, पाय मोकळे करून बसा. दुसऱ्यांदा म्हणाला तशी ती उखडलीच. "देव हायती त्यात, देव! तुमच्या त्या कळकट फळीवर चपलांच्या पिशवीशेजारी ठिवू व्हय?" कंडक्टर मुकाट पुढं गेला. शेजारी तिचा नवरा जोतीराम पेरूची पिशवी पायात धरून डुलक्या घेत होता. त्याला ह्या बाईच्या तोंडाची सवय होती.

डब्यात चांदीचे चार टाक होते. खंडोबा, भवानी, ज्योतिबा आणि घरचा वीर. सोनाराकडून मुद्दाम घडवून घेतलेले, जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणलेले, पिवळ्या फडक्यात भंडाऱ्यासकट गुंडाळलेले. त्यांच्या घराण्याची रीतच होती ती. लेकानं वेगळं घर केलं की आईनं जायचं, आपल्या हातानं नवे देव बसवायचे, दूध उतू घालायचं. तोवर त्या घराला घर म्हणायचं नाही. आणि एकदा बसवले की वर्षभर देव हलवायचे नाहीत, मग वरून आभाळ कोसळो. कुशाबाईच्या सासूनं हे पाळलं होतं, कुशाबाईनं पाळलं होतं, आणि आता यशराजच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्येही ती तेच पाळणार होती.

त्या फ्लॅटसाठी तिनं काय काय सोसलं होतं, ते तिचं तिला माहीत. यशराज तेहतिसाव्यात आला होता. पोरगा शिकलेला, देखणा, निर्व्यसनी. पेरूची बाग, बारमाही पाणी, गावात स्लॅबचं घर. पण हल्ली मुलीचे बाप मुलगा बघतच नाहीत हो! आल्या आल्या विचारतात, पुण्यात फ्लॅट हाय का? नाही म्हटलं की पोह्यांची बशी तशीच ठेवून उठतात. पहिली तीन-चार स्थळं गेली तेव्हा कुशाबाईनं हसण्यावारी नेलं. अकरावं गेलं, आणि जाऊ तानूबाई भर हळदीकुंकवात म्हणाली, "यशराजला आता म्हातारपणीच बायको आणा, काठीबी हुईल." त्या दिवशी ती फोनवर लेकाजवळ हमसून हमसून रडली. "एक फ्लॅट घे रं बाबा. कसलाबी घे. मला तोंड दावायला जागा राह्यली न्हाय."

मग गेल्या दिवाळीआधी एके दिवशी यशराज फोनवर म्हणाला, "घेतला, आई." कुशाबाईनं सगळ्या आळीत पेढे वाटले. पहिला पेढा तानूबाईच्या हातावर ठेवला आणि ती तो गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

आणि बघा, फ्लॅट झाल्याबरोबर स्थळ आलं. बारामतीजवळच्या सांगवीचे मानसिंगराव, त्यांची राजलक्ष्मी. मुलगी बारामतीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. बोलायला कमी, पण बघायला लागली की समोरच्याच्या आरपार बघायची. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की मानसिंगराव रविवारी पुण्याला येऊन घर बघणार होते. म्हणून कुशाबाई शनिवारीच निघाली होती. ज्या घरात देव नाहीत ते घर व्याह्याला काय दाखवायचं?

स्वारगेटवर यशराज आला. पाया पडला, पिशवी घेतली, रिक्षात बसवलं. रिक्षा चालू झाल्यावर म्हणाला, "आई, फ्लॅटवर रंगाचं काम चाललंय. लई वास हाय. आजची रात हितं जवळच एका हॉस्टेलवर काढू."

"हॉस्टेल? पोरं शिकत्यात त्या?" जोतीरामनं विचारलं.

"तसलं न्हाय, तात्या. फिरायला येत्यात त्यांच्यासाठी असतंय. चांगलं हाय."

चांगलं म्हणजे काय, ते कुशाबाईनं आत पाऊल टाकल्यावर बघितलं. छताला सायकल टांगलेली. तीही उलटी! भिंतीवर गुलाबी दिव्यांची इंग्रजी अक्षरं. बसायला खुर्च्या नाहीत, भुईला टेकलेली मोठमोठी गाठोडी. जोतीराम एकावर बसला तो आत गेला, आणि त्याला वर काढायला यशराजला दोन्ही हात द्यावे लागले. हात धुवायचं भांडं म्हणजे आपली जस्ताची बादली, तळाला भोक पाडून भिंतीत बसवलेली. "आपल्या गोठ्यातली दिली असती की ह्यास्नी," कुशाबाई म्हणाली. गल्ल्यावर मोना नावाची पोरगी होती, केस निळे. पण गोड होती. "यशराजदादांच्या आई ना तुम्ही? या या," म्हणाली आणि स्वतः पाणी आणून दिलं. एवढ्या ओळखीचं कुशाबाईला तेव्हा कौतुकच वाटलं.

झोपायची व्यवस्था ऐकून मात्र ती चाट पडली. बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. बायकांच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, हे तिला पटलं. पण खोलीत पलंगावर पलंग! सहा जणींचे तीन दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी तिनं आल्या आल्या खालच्या पलंगावर पिशवी टाकून जागा धरली. टेकली, डबा उशाशी ठेवला, आणि वर बघितलं. वरच्या पलंगावर एक लांब पायांची पोरगी मोबाईल बघत पडलेली. तिचे तळवे बरोबर देवांच्या वर.

छे! हे चालणारच नव्हतं. कुशाबाई खुणा करून, हात जोडून, मराठी-हिंदी कालवून त्या पोरीला म्हणाली, "तू नीचे आ गं बाय. मै उपर. मेरेपास भगवान हय." पोरगी बिचारी लगेच उतरली. आणि अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे धरलेली कुशाबाई एका हातात डबा घेऊन ती लोखंडी शिडी चढली. प्रत्येक पायरीला "खंडेराया, खंडेराया" चाललं होतं. वर पोचल्यावर डोकं छताला लागत होतं, धड बसता येत नव्हतं, पण देवांच्या वर आता कुणाचे पाय नव्हते. तिला बरं वाटलं.

चहाची वेळ झाली तशी ती खाली आली. ह्या हॉस्टेलात ज्यानं त्यानं आपला चहा करून घ्यायचा, भांडी आपली आपण विसळायची. त्या सामायिक स्वयंपाकघरात कप शोधता शोधता तिच्या हाताला एक स्टीलचा पेला लागला. हातात घेतल्या घेतल्या तिला वजन ओळखीचं वाटलं. उजेडात धरून बघितलं तर अक्षरं कोरलेली: चि. सौ. कां. कुशाबाईस मामांकडून सप्रेम भेट.

तिच्या लग्नातला पेला. यशराज पहिल्यांदा पुण्याला निघाला तेव्हा तिनंच बॅगेत घातलेला. तो इथं, रंगीबेरंगी मगांच्या रांगेत, रोजच्या वापरातला, बुडाशी चहाचा तांबडा डाग धरलेला. शेजारच्या डब्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं 'यशराज - मेतकूट'. मोना मागनं आली आणि हसून म्हणाली, "दादांचा आहे तो पेला. दुसऱ्या कुणाला हात नाही लावू देत. चौदा महिने झाले, एकदाही नाही दिला."

चौदा महिने.

तिनं लेकाला गच्चीवर नेलं. गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. "कुठं हाय फ्लॅट?" तिनं विचारलं. यशराजनं उत्तर द्यायच्या आधी कठड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"न्हाय, आई. कधीच नव्हता. माझं आधीचं काम बी गेलं हुतं गेल्या साली. आता दुसरं धरलंय, पगार कमी हाय. महिन्यावर हितं राहतो, शनवार-रविवार गल्ला सांभाळतो, म्हणून स्वस्तात पडतंय." तो भराभरा बोलत होता, बरेच दिवस साठलेलं बोलावं तसं. "तू त्या दिशी लई रडत हुतीस. मला ऐकवंना. म्हटलं, घेतला. मग तू पेढे वाटलंस. मग कसं सांगू?"

कुशाबाईला काय वाटलं? राग आला, भयंकर राग आला. आणि त्याच्या खाली दुसरं एक होतं, ते रागापेक्षा वाईट. तिचा लेक चौदा महिने पडदा लावलेल्या फळीवर झोपत होता आणि ती गावात व्हरांडा कुठल्या दिशेला आहे ते सांगत सुटली होती. कुणी विचारलं की ती पूर्व म्हणायची.

"उद्या मानसिंगरावांना सांगून टाकतो," यशराज म्हणाला. "खरं काय ते सांगतो. जमलं तर जमलं."

आणि इथं कुशाबाईनं ते केलं, जे तिला पुढं जन्मभर पुरणार होतं. ती म्हणाली, "तोंड उघडायचं न्हाय तू."

"आई..."

"आई न्‌ बिई न्हाय. तुझा तो दोस्त, शिवम, वाघोलीत फ्लॅट हाय म्हणत हुतास. बायको माहेराला गेलीया त्याची?"

"सोमवारी येणार हाय. पण..."

"मग त्याचा फ्लॅट दावायचा. किल्ली घे. हितं चहा पाजायचा मानसिंगरावास्नी, आन् हितनं समद्यांनी तिकडं जायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत मी देव बसवते. देव बसवलेलं बघितल्यावर कोण शंका घेतोय?"

यशराज तिच्याकडं बघतच राहिला. "परक्याच्या घरात देव बसवणार? आन् मग?"

"सांजच्याला उचलते."

"वर्षभर हलवायचे न्हाईत, असं तूच म्हणतीस."

"देवाला कळती आईची अडचण," ती म्हणाली. "तुला बाराव्यांदा नाकारून घेयाचंय का? मला न्हाय सोसायचं ते. लगीन हुंदे. लगीन झाल्यावर भाड्यानं घे, इकला म्हण, काय वाट्टंल ते म्हण. एकदा पोरगी घरात आली की कोण माघारी जातंय?"

हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून गेलं तेव्हा तिला स्वतःची छकुली आठवली. कळंबला दिलेली लेक. तिच्या सासरच्यांनी असलं काही केलं असतं तर कुशाबाईनं त्यांच्या दारात जाऊन बोंब मारली असती. आठवली, पण तिनं ती आठवण मागं ढकलली. यशराज "बरं" म्हणून खाली गेला. जोतीरामला तिनं काहीच सांगितलं नाही. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, तोंडावर लगेच दिसायचं.

रविवारी अकराला मानसिंगराव आले. बरोबर राजलक्ष्मी, मुलीच्या आईला बरं नव्हतं म्हणून ती आली नव्हती. मानसिंगरावांनी सायकल बघितली, दिवे बघितले, म्हणाले, "लई भारी हाय हो हे." जोतीरामनं त्यांना त्या गाठोड्यावर बसण्यापासून वेळीच वाचवलं आणि दोघं पाटाएवढ्या स्टुलावर बसून पेरूच्या भावाविषयी बोलायला लागले. यशराज चहा करत होता. किल्ली त्याच्या खिशात होती, कुशाबाईनं सकाळीच खात्री करून घेतली होती. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

"आत्या, जरा तोंडावर पाणी मारायचं हुतं," राजलक्ष्मी म्हणाली. "वर चलता का माझ्याबरोबर?"

आत्या म्हणाली! सासूला म्हणतात तशी. कुशाबाईला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. "चल की," म्हणत ती पोरीला बायकांच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं. राजलक्ष्मीनं तोंड धुतलं, पुसलं, आणि कुशाबाई देव घ्यायला शिडी चढायला लागली तशी तिला थांबवून स्वतः चढली. डबा दोन्ही हातांनी अलगद उतरवला, कपाळाला लावला, आणि कुशाबाईच्या हातात दिला. असली पोरगी सून म्हणून येणार, ह्या विचारानं कुशाबाईचे डोळे भरून आले.

"आत्या, एक विचारू? राग नका धरू."

"विचार की."

"माझं आधी एकदा ठरलं हुतं. सुपारी फुटली हुती. पोरगा म्हणाला पर्मनंट हाय, आन् निघाला ठेक्यावर. त्याचं काय न्हाय वाटलं मला. त्याच्या घरच्यांना समद्यांना ठाऊक हुतं आन् समदी माझ्याकडं बघून हसत बोलत हुती, त्याचं वाईट वाटलं." ती शांतपणे बोलत होती, लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. "म्हणून पोराला न्हाय विचारत, तुमाला विचारते. आता आपुन बघायला जायचं, तो फ्लॅट तुमचाच हाय ना?"

कुशाबाईनं डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं.

"नसला तरी चालंल," राजलक्ष्मी म्हणाली. "खरंच चालंल. मला पगार हाय, पुण्यात बी काम मिळंल. एका खोलीत राहू. पप्पांना मी समजावीन, त्यांची काळजी तुमी करू नका. फकस्त मला खरं सांगा."

पोरीनं वाट करून दिली होती. सांगायचं होतं ते एका वाक्यात मावत होतं. न्हाय गं बाय, फ्लॅट न्हाय, माझ्या लेकानं माझ्या रडण्यापायी खोटं सांगितलं. एवढंच. पण कुशाबाईनं अकरा स्थळं बघितली होती. ह्या असल्या गोड बोलण्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. आमचं काय नाही हो, मुलगा चांगला पाहिजे, असं म्हणून गेलेल्यांचेच दोन दिवसांनी फोन यायचे, पत्रिका जुळत नाही म्हणून. आत्ता ही म्हणते चालंल. खाली बाप ऐकेल, उठेल, जाईल. उद्या सांगवीत, परवा शेळगावात. आणि तानूबाई पेढ्यांचा खोका घेऊन दारात उभी राहील, हा घ्या तुमचा पेढा म्हणून.

"अगं त्याचाच हाय की," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत निघाला. "असं काय इचारतीस? दोन खोल्या, किचन, पूर्वेला व्हरांडा. उगंच का म्हातारी चार तास देव मांडीवर घिऊन आले?"

राजलक्ष्मी तिच्याकडं बघत राहिली. ते आरपार बघणं कुशाबाईला सोसेना. म्हणून तिनं, कुणी मागितलेलं नसताना, डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर भंडारा घेतला आणि तळहातावर धरला. "हे बघ. भंडारा उचलून सांगते. माझ्या लेकाचाच फ्लॅट हाय."

राजलक्ष्मीनं एकदम डोळे मिटले. कुणीतरी अंगावर हात उगारल्यासारखे मिटले.

"कशाला उचललात, मावशी," ती म्हणाली. मावशी. "काल सांजच्याला फोन आला हुता त्यांचा. समदं सांगितलं त्यांनी. नोकरी गेल्याली, हितं राहत्यात ते, शिवमचा फ्लॅट, समदं. लई लाजत हुते. मी म्हटलं, मला चालंल. मग मीच म्हणाले, तुमच्या आईला एकदा इचारते. त्यांना सांगू नका मी इचारणार हाय म्हणून. जन्म मला त्यांच्याबरोबर बी काढायचाय."

कुशाबाईनं हात पुढं केला, पण त्या हातावर भंडारा होता, तो घेऊन पोरीला कसं धरावं ते तिला कळेना. "बाय, आगं... भ्याले गं मी," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"ते कळलं मला," राजलक्ष्मी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "पण उद्या तुमी परत भ्याला, तर मला काय सांगाल, ते मला कसं कळणार?" तिनं वाकून पाया पडून घेतलं, पदर सारखा केला आणि खाली गेली.

खालून काही भांडणतंटा ऐकू आला नाही. मानसिंगरावांचा प्रश्नार्थक आवाज, पोरीचा हलका आवाज, मग स्टूल सरकल्याचा आवाज. जोतीराम म्हणत होता, "आवं, चहा तरी घ्या की मानसिंगराव, ओतलाय." मोनाच्या गल्ल्यापाशी दाराची घंटी वाजली, आणि बाहेर गाडी चालू झाली. कुशाबाई दोन पलंगांच्या मधल्या बोळात डबा छातीशी धरून उभी होती. बसायला खालचा पलंग होता, पण तिला बसवेना.

जिन्यावर पावलं वाजली. यशराज आला आणि दारातच थांबला. बायकांची खोली होती, तो उंबरा ओलांडून आत आला नाही. त्याच्या हातात कपबशी तशीच होती.

"काय सांगितलंस तिला?" त्यानं विचारलं.

कुशाबाईनं खाली बघितलं. पिवळा भंडारा घामानं तिच्या तळव्याला चिकटला होता. "तुझाच हाय म्हणाले," ती म्हणाली.

यशराज ओरडला नाही, रडला नाही. त्यानं मान हलवली, जणू एवढंच विचारायला आला होता. मग वळता वळता, तिच्याकडं न बघता म्हणाला, "मी तिला म्हटलं हुतं, खुशाल इचार. तोंडावर इचारलं की माझी आई खोटं बोलायची न्हाय."